ब्रह्मदेश, दहा दिवसांच्या वाटेवर

२३ एप्रिल १८५८ रोजी अंदमानातल्या रॉस बेटावरून काही कैदी तराफ्यांवर बसून पळाले. त्यांत दूधनाथ तिवारी नावाचा शिपाई होता. चौदावी बंगाल नेटिव्ह इन्फंट्री, सत्तावन्नचा उठाव, खटला, जन्मठेप, असा त्याचा तोवरचा प्रवास. कैदी क्रमांक २७६. बेटावर येऊन त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. या मंडळींना जायचे होते ब्रह्मदेशात. समोरच्या मोठ्या बेटाचा किनारा गाठायचा आणि जंगलातून चालत राहायचे. दहा दिवसांत ब्रह्मदेशच्या राजाचा मुलूख लागेल, तिथे फौजेत चाकरीही मिळेल, अशी बातमी कैद्यांच्या तळावर खात्रीने सांगितली जात होती.

नकाशा पाहिलेल्या माणसाला या बेताचे हसू येईल. अंदमानच्या उत्तर टोकापासून ब्रह्मदेशचे नेग्राइस भूशिर सुमारे १९० किलोमीटरवर आहे आणि मधे खोल समुद्र आहे. राजाचा मुलूखही आता किनाऱ्यावर उरला नव्हता. आराकान आणि तेनासरीम १८२६ मध्ये, तर पेगू १८५२ मध्ये इंग्रजांनी गिळले होते. मिंडोन राजाकडे राहिला होता तो आतला, वरच्या इरावतीचा प्रदेश. म्हणजे हे कैदी चालत पोचले असते तरी पुन्हा कंपनीच्याच हद्दीत पोचले असते.

पण भूगर्भशास्त्रज्ञ या बेताला पुरता हसणार नाही. ब्रह्मदेशच्या पश्चिम अंगाने उतरणारी आराकान योमा ही डोंगररांग नेग्राइसपाशी समुद्रात शिरते आणि पाण्याखालून तशीच दक्षिणेला जाते. तिचे जे माथे पाण्याबाहेर राहिले ते प्रेपारिस, कोको, अंदमान आणि निकोबार. पुढे तीच रांग सुमात्राच्या दिशेने निघते. दहा दिवसांची वाट खरोखरच होती, फक्त तिच्यावर समुद्र चढलेला होता. ही अफवा रचणाऱ्या अनाम कैद्याला भूशास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तरी अंदमानविषयी त्या काळी जे काही बोलले-लिहिले जात होते, त्यात ही अफवा अगदीच टाकाऊ नव्हती. कलकत्त्याच्या सचिवालयातल्या कागदांवरचे अंदमानही पुष्कळसे असेच, ज्याला जे हवे ते दाखवणारे होते.

आज केंद्रशासित असलेल्या या द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर. साधारण सहा ते चौदा अंश उत्तर अक्षांशांमध्ये ही बेटे उत्तर-दक्षिण पसरली आहेत, आणि अंदमान व निकोबार या दोन गटांमध्ये दीडशे किलोमीटर रुंदीची ‘टेन डिग्री’ सामुद्रधुनी आहे. चेन्नईपासून तिथल्या मुख्य बंदराचे अंतर सुमारे १,१९० किलोमीटर. उत्तर अंदमानातले सॅडल शिखर ७३२ मीटर उंच, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्याहूनही बरेच खाली. पण हा डोंगर थेट समुद्रातून उठतो आणि अंगभर जंगल घेऊन उठतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही मेमधली बातमी मराठी शेतकरी ज्या आशेने वाचतो, ती तिथल्या माणसासाठी सहा-सात महिन्यांच्या ओल्याची वर्दी असते. एवढे पाणी पडूनही मोठी नदी मात्र नाही. बेटे अरुंद, उतार तीव्र. पडलेले पाणी तासाभरात खाडीला मिळते. उन्हाळ्यात लहान बेटांवर प्यायला पाणी मिळायची मारामार. किनाऱ्यावर प्रवाळाचे कडे, त्याच्या आत चिखल, चिखलात कांदळवन. होडी कुठेही लावता येईल असा किनारा विरळाच. पूर्वेला बॅरन बेटावर ज्वालामुखी आहे, दक्षिण आशियातला एकमेव जागता.

हा ज्वालामुखी धगधगताना १७८९ मध्ये ज्याने पाहिला, तो लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर मुंबई मरीनचा अधिकारी होता. कंपनीचे हे आरमार मुंबईच्या बंदरात वाढले, आणि ते वाढवावे लागले त्यामागे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची दहशत हे मोठे कारण होते. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर जेम्स याच मरीनचा. आंग्र्यांचे आरमार बुडाल्यानंतर या दलातल्या हुशार अधिकाऱ्यांना एक शांत काम मिळाले: किनारे मोजणे. ब्लेअरने अंदमानपूर्वी हिंदी महासागरातल्या चागोस बेटांची, दिएगो गार्सियाची, मोजणी केली होती. डिसेंबर १७८८ मध्ये तो कलकत्त्याहून ‘एलिझाबेथ’ आणि ‘व्हायपर’ ही दोन जहाजे घेऊन निघाला.

कंपनीला तिथे कैदखाना नको होता, बंदर हवे होते. त्यामागची अडचण मोठी होती आणि तिचा एक धागा पुन्हा मुंबईलाच येऊन मिळतो. मद्रासला त्या काळी बंदरच नव्हते, उघड्या समुद्रात नांगर टाकायचा. हुगळीत मोठी लढाऊ जहाजे नेणे धोक्याचे. ऑक्टोबर उजाडला की ईशान्य मोसमी वारे आणि चक्रीवादळे सुरू होत, आणि इंग्रजांचे आरमार पूर्व किनारा सोडून, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईला येई. वाडिया मिस्त्रींच्या सुक्या गोदीत जहाजांची डागडुजी होई आणि हंगाम उलटल्यावर ती परत जात. मधले महिने बंगालचा उपसागर मोकळा. फ्रेंच सेनानी सफ्रँ याने १७८२ च्या हिवाळ्यात आपला ताफा सुमात्राच्या आचे बंदरात ठेवला आणि इंग्रज परतायच्या आत तो पुन्हा किनाऱ्यावर हजर झाला. हा धडा कलकत्त्याच्या लक्षात राहिला. उपसागराच्या आतच वादळापासून आडोसा असलेली जागा पाहिजे होती.

ब्लेअरला ती सापडली. दक्षिण अंदमानच्या पूर्व किनाऱ्यावर कित्येक मैल आत शिरलेली खाडी, दोन्ही बाजूंना डोंगर, तोंडाशी रॉस हे छोटे बेट आडवे, आत चॅथम आणि व्हायपर ही आणखी दोन बेटे. सप्टेंबर १७८९ मध्ये चॅथम बेटावर वसाहत सुरू झाली. बंदराला नाव दिले पोर्ट कॉर्नवॉलिस. भाजीपाला लावला, जंगल तोडले, आणि तीन वर्षे हे सारे बऱ्यापैकी चालले. माणसे फारशी दगावत नव्हती. ब्लेअर शांत डोक्याचा गृहस्थ असावा; त्याच्या कारकिर्दीत आरडाओरडा करण्याजोगे काही घडले नाही. बहुधा म्हणूनच त्याचे ऐकले गेले नाही.

गव्हर्नर जनरलचा भाऊ कमोडोर विल्यम कॉर्नवॉलिस आरमाराचा प्रमुख होता. त्याने उत्तर अंदमानातली दुसरी खाडी पाहिली. ही जास्त ऐसपैस, सबंध ताफा मावेल अशी. जहाजाच्या डेकवरून पाहिले तर त्याचे बरोबरच होते. १७९२ मध्ये वसाहत उचलून तिकडे नेली, नावही बरोबर नेले, आणि कारभार मेजर अलेक्झांडर किडकडे गेला. बंगालमधून कैदीही पाठवायला सुरुवात झाली. मग ताप सुरू झाला. पावसाळ्यात निम्मी माणसे आडवी, जंगल तोडायला हात नाहीत, तोडलेले जंगल पुन्हा वाढते आहे. १७९६ मध्ये सरकारने गाशा गुंडाळला. तेव्हा तिथे २७० कैदी आणि बंगालमधून आणलेले ५५० मोकळे रहिवासी होते. कैद्यांना पिनांगला हलवले, बाकीच्यांना बंगालला परत आणले. कारण सांगितले गेले ते रोगराईचे आणि खर्चाचे. त्याच्या आदल्याच वर्षी, १७९५ मध्ये, डचांकडून श्रीलंकेतले त्रिंकोमाली हे उत्तम बंदर इंग्रजांच्या हाती आले होते, हेही लक्षात ठेवायला हवे. बंदर मिळाल्यावर तापाची आकडेवारी अधिकच भयंकर दिसू लागली असेल, तर त्यात नवल नाही.

पुढची साठ वर्षे अंदमान अंदमानींचे राहिले. इंग्रजांच्या नोंदींत बेटे अधूनमधून डोकावतात. १८२४ मध्ये ब्रह्मदेशवर चालून जाणारा ताफा त्या सोडलेल्या उत्तरेकडच्या बंदरात जमला आणि निघून गेला. नोव्हेंबर १८४४ मध्ये एक अजब प्रकार घडला. इंग्लंडहून कलकत्त्याला निघालेले ‘रनीमीड’ आणि सिडनीहून निघालेले ‘ब्रिटन’, दोन्ही गोऱ्या पलटणींनी भरलेली जहाजे, एकाच चक्रीवादळात सापडली. एकाला दुसऱ्याची खबर नाही. रात्रीच्या अंधारात लाटांनी दोन्हींना उचलून एकाच बेटावर, आज ज्याला जॉन लॉरेन्स बेट म्हणतात तिथे, टाकले. ‘ब्रिटन’ तर थेट कांदळवनात जाऊन रुतले. उजाडल्यावर सैनिकांनी पाहिले, तर शेजारी दुसरे जहाज आणि त्यावर आपल्याच राणीची माणसे. सहाशेवर जीव वाचले आणि सुटका होईपर्यंत दीड महिन्याहून अधिक काळ त्या किनाऱ्यावर राहिले. एवढे सुदैव सगळ्यांचे नव्हते. फुटलेल्या जहाजांवरचे खलाशी किनाऱ्याला लागले की अंदमानींच्या बाणांना बळी पडत. परक्या होड्यांतून येणारे गुलाम पकडून नेतात, हा त्या लोकांचा जुना अनुभव होता. या मारल्या गेलेल्या खलाशांच्या तक्रारींवरून १८५५ पासून कलकत्त्यात पुन्हा अंदमानच्या फायली हलू लागल्या.

त्या फायली सावकाश हलल्या असत्या, पण १८५७ उजाडले. उठाव मोडत आला तशी तुरुंगांत जागा उरली नाही. फाशीतून वाचलेल्या हजारोंना ठेवायचे कुठे? नोव्हेंबर १८५७ मध्ये बंगालच्या तुरुंगांचे निरीक्षक डॉ. फ्रेडरिक मुआट, डॉ. जॉर्ज प्लेफेअर आणि लेफ्टनंट हीथकोट अशी तिघांची समिती नेमली गेली. ‘प्लूटो’ जहाजातून त्यांनी बेटांना फेरी घातली. उत्तरेकडचे ओसाड बंदर पाहिले, तिथल्या दलदलीचा वास घेतला आणि ब्लेअरच्याच मूळ खाडीची शिफारस केली. साठ वर्षांनी का होईना, ब्लेअरचे म्हणणे मान्य झाले; बंदराला त्याचेच नाव दिले गेले. २२ जानेवारी १८५८ रोजी कॅप्टन मॅनने तिथे झेंडा रोवला.

समितीला बंदराइतकेच आवडले होते ते बंदराभोवतीचे सगळे. चहूकडे समुद्र, आत घनदाट जंगल, जंगलात परक्याला मारणारे लोक. भिंत बांधायला नको, पहारा फार ठेवायला नको. एरवी तक्रारीच्या यादीत येणाऱ्या या तीन गोष्टी अचानक सरकारच्या चाकरीत दाखल झाल्या. मद्रासच्या आरमाराला आडोसा देणारा भूगोल आता जेलर म्हणून नेमला गेला.

१० मार्च १८५८ रोजी ‘सेमिरामिस’ या जहाजातून पहिले २०० कैदी उतरले. बरोबर डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर, आधीचे आग्र्याच्या तुरुंगाचे अधीक्षक, आणि पन्नासेक नौसैनिकांचा पहारा. चॅथम बेटावर कुऱ्हाडी चालू लागल्या, आणि लगेच लक्षात आले की तिथे पाणी पुरत नाही. तळ रॉसवर हलवला. वेळही किती वाईट निवडली होती पाहा. मार्चमध्ये आलेल्या माणसांना छप्पर घालायला जेमतेम दोन महिने, आणि मेमध्ये पाऊस. कैद्यांत शिपाई होते, जमीनदार होते, मौलवी होते, कारकून होते. अवध-बिहारच्या सपाट मैदानातल्या या माणसांनी समुद्र आधी पाहिलेला नव्हता, आणि बेड्यांसह गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांना तिवराची मुळे उपटायची होती. वेताच्या काटेरी वेलींनी अंग फाटायचे, जळवा चिकटायच्या, आणि चिघळलेली जखम ओल्या हवेत बरी व्हायची नाही.

जूनच्या मध्यापर्यंत ७७३ कैदी बेटावर पोचले होते. त्यांतले ६४ इस्पितळात मेले. १४० पळाले ते सापडलेच नाहीत. ऐंशीहून अधिक जणांना, पळून परत हाती लागले म्हणून, वॉकरने फासावर चढवले. जंगलात अन्न न मिळाल्याने आणि अंदमानींच्या बाणांनी जर्जर होऊन स्वतःहून परत आलेलेही त्यांत होते. एवढ्या घाऊक फाशा कलकत्त्याच्या सरकारलाही पचल्या नाहीत आणि वॉकरला तसे कळवले गेले. पण मुळात लोक पळत होते ते का, याचे उत्तर त्या आकड्यांतच होते. इथे मरणे आणि पळून मरणे यांत फरक फार थोडा होता, आणि दुसऱ्या वाटेच्या टोकाला निदान ब्रह्मदेश होता.

दूधनाथ त्या वाटेवर सुमारे दोन आठवडे चालला. सूर्य दिसत नाही असे जंगल, दिशा कळत नाही, झऱ्याचे पाणी आणि मिळतील ती फळे. खाड्या इतक्या वेड्यावाकड्या आत शिरलेल्या की किनारा धरून चाललेला माणूस फिरून होता तिथेच येतो. मग अंदमानींची टोळी समोर आली. बरोबरचे बहुतेक मारले गेले, तो तीन बाण लागून वाचला. त्याने हात जोडले आणि का कोण जाणे, त्याला सोडले. पुढे वर्षभर तो त्यांच्यात राहिला. डोके भादरलेले, अंगाला माती फासलेली, कपडे नाहीत. टोळीबरोबर डोंगीतून बेटाबेटांवर हिंडला. त्याचे लग्न लावून दिले गेले, लीपा नावाच्या बायकोला दिवसही गेले होते.

ब्रह्मदेश सापडला नाही, पण अंदमान कसे आहे हे कळलेला बाहेरचा माणूस त्या घडीला बहुधा तो एकटाच होता. अंदमानींना जंगल अभेद्य वाटत नव्हते आणि किनारा दुर्गम वाटत नव्हता. कुठल्या महिन्यात मध, कुठल्या ओहोटीला शिंपले, कुठल्या खाडीत कासव, कुठे गोड्या पाण्याचा झरा, यावर त्यांची वर्षभराची ये-जा बेतलेली. रॉस, चॅथम, ॲबर्डीन, हॅडो अशी नावे घेऊन जो किनारा साफ केला जात होता, तो या दक्षिण अंदमानातल्या आका-बिया लोकांचा रोजच्या जेवणाचा किनारा होता. १८५९ च्या एप्रिलपासून त्यांनी हल्ले सुरू केले. हल्ल्यांत त्यांचा राग मुख्यतः पहारेकऱ्यांवर आणि मुकादमांवर असे. पायांत बेड्या असलेल्यांना त्यांनी फारसा हात लावला नाही, अशी नोंद आहे. कोण राबतो आणि कोण राबवतो, हे त्यांना बरोबर कळले होते.

मे महिन्यात मोठा हल्ला ठरला आणि दूधनाथने बाजू बदलली. तो निसटून ॲबर्डीनला आला आणि त्याने वॉकरला खबर दिली. १७ मे १८५९ च्या ॲबर्डीनच्या लढाईत धनुष्यबाण घेऊन आलेल्यांसमोर बंदुका तयार होत्या. दूधनाथला माफी मिळाली, तो मायदेशी परतला. लीपाचे पुढे काय झाले हे सरकारी कागदांना सांगावेसे वाटले नाही. दूधनाथला फितूर म्हणावे की सुटकेसाठी तडफडणारा जन्मठेपी, हा वाद अंदमानात अजून मिटलेला नाही. लढाईचे स्मारक मात्र उभे आहे आणि ते हरलेल्यांचे आहे.

त्यानंतर वसाहत सावकाश पाय रोवत गेली आणि ताप तिच्याबरोबर राहिला. हिवताप दूषित हवेने होतो असा तेव्हाच्या डॉक्टरांचा पक्का समज. कुजणाऱ्या पाल्यातून, दलदलीतून विषारी वाफा उठतात. मग झाडे तोडा, वारा खेळू द्या, खाजणांना बांध घालून जमीन कोरडी करा. हजारो कैद्यांकडून वर्षानुवर्षे हेच करवून घेतले. १९१२ मध्ये सॅम्युअल क्रिस्टोफर्स यांनी अंदमानच्या हिवतापाचा अहवाल दिला, तेव्हा खरा प्रकार उघडा पडला. इथला दोषी डास मचूळ पाण्यात वाढतो, तो किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात सापडतो, आणि त्याला ऊन लागलेली, शेवाळलेली डबकी फार मानवतात. भरती-ओहोटी दोनदा मोकळी खेळते अशा दाट कांदळवनात त्याचे फावत नाही, पुरत्या कोरड्या केलेल्या जमिनीतही नाही. अर्धवट बांध घालून, झाडे तोडून, आत पाझरणारे समुद्राचे पाणी पावसाच्या पाण्यात मिसळू दिले, की त्याच्यासाठी याहून चांगली सोय नाही. कोकणातल्या खारभूमीवरच्या कुठल्याही शेतकऱ्याने बांध फुटका ठेवू नका एवढे सांगितले असते, डासांची जात माहीत नसतानाही.

गोरे अधिकारी आपली सोय डोंगरावर पाहत होते. खाडीच्या उत्तरेला माउंट हॅरिएट आहे, सुमारे ३६५ मीटर, अधीक्षक टायटलर यांच्या पत्नीच्या नावाचा. (जुन्या लालसर वीस रुपयांच्या नोटेमागे जे माड आणि समुद्र होते, ते याच डोंगरावरून दिसणारे दृश्य. २०२१ पासून तो माउंट मणिपूर.) वर हवा थंड, ताप कमी. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वसाहत पाहायला आले, तेव्हा दिवसाचे काम आटोपूनही ते या डोंगरावर चढले, आजाऱ्यांसाठी तिथे आरोग्यधाम करता येईल का हे पाहायला. त्यांनी सूर्यास्त पाहिला, अंधार पडता पडता खाली होपटाउनच्या धक्क्यावर आले आणि शेर अली आफ्रिदी या पठाण कैद्याने त्यांना सुऱ्याने भोसकले. ११ मार्चला व्हायपर बेटावर शेर अलीला फाशी झाली. हिंदुस्थानच्या इतिहासात खून झालेला व्हाइसरॉय हा एकच.

एव्हाना कैद्यांची पिढी बदलली होती. चांगली वागणूक ठेवणाऱ्याला काही वर्षांनी मोकळीक मिळे, जमिनीचा तुकडा मिळे, स्त्री-कैद्यांच्या तुरुंगातली बाई पसंत करून लग्न करता येई. पंजाबी, बंगाली, मद्रासी, मुंबई इलाख्यातले अशांची मुले एकत्र वाढली आणि आपसांत हिंदुस्थानी बोलू लागली. जात विचारण्यात अर्थ उरला नाही, कारण समुद्र ओलांडतानाच ती बुडाली असे आईबापांनी धरून घेतले होते. चॅथम बेटावर १८८३ मध्ये सरकारी लाकूड गिरणी उभी राहिली. अंदमानी पडौकची लाल फळी लंडनपर्यंत जाऊ लागली. ज्या जंगलाच्या भीतीवर तुरुंग उभा होता, ते आता घनफुटांत विकले जात होते.

आणि इथेच सरकारची पंचाईत झाली. १८९० मध्ये चार्ल्स लायल आणि डॉ. लेथब्रिज अंदमानची पाहणी करायला आले. त्यांना आढळले की काळ्या पाण्याचा धाक राहिलेला नाही. हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा अंदमान बरे, असे कैदी म्हणू लागले आहेत. बत्तीस वर्षांत जेलरची नजर निवळली होती. दोघांनी शिफारस केली की प्रत्येक नव्या कैद्याला आधी काही काळ कडक एकांतात ठेवावे. त्यातून १८९६ ते १९०६ या काळात ॲबर्डीनच्या अटलांटा टोकावर सेल्युलर जेल उभे राहिले. मधे मनोरा, त्याभोवती सात तीनमजली इमारती, आणि एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. प्रत्येक कोठडी लांबीला साडेतेरा फूट, रुंदीला साडेसात. भिंतींच्या विटा आणल्या ब्रह्मदेशहून. कैद्यांना जो देश चालत गाठता आला नाही, तो अखेर बोटीने त्यांच्याकडे आला.

मराठी वाचकाचे अंदमान इथून सुरू होते. बाबाराव सावरकर १९०९ च्या शिक्षेनंतर इथे आले, ४ जुलै १९११ रोजी विनायकराव. एकाच तुरुंगात असूनही दोघा भावांची गाठ पडायला बराच काळ जावा लागला, हे त्या इमारतीच्या रचनेचेच यश म्हणायचे. १९२१ मध्ये दोघांना मुख्य भूमीवर हलवले गेले. ‘माझी जन्मठेप’ने ही कोलू-काथ्याची कहाणी घराघरांत नेली. त्या आधीची पन्नास वर्षे, जेव्हा भिंत नव्हती आणि चिखल, पाऊस, डास आणि अफवा हाच तुरुंग होता, ती मात्र मराठीत तशी अंगावर येणारी कुणी लिहिली नाहीत. सत्तावन्नच्या त्या कैद्यांना लिहायला कागद मिळाला नाही. फार थोडे परतले.

ज्यांचा तो किनारा होता त्यांचा हिशेब याहून वाईट आहे. वसाहतीने नेलेला उपदंश आणि १८७७ ची गोवराची साथ यांनी ग्रेट अंदमानी टोळ्या उलथून टाकल्या. कधीकाळी हजारोंनी असलेले हे लोक १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले, १९६१ मध्ये १९. बाहेरच्यांना बाणांनी परतवून लावणारे सेंटिनेली तेवढे अजून आपल्या बेटावर आहेत.

बेटांखालच्या त्या बुडालेल्या डोंगराचे काम मात्र चालूच आहे. हिंदी महासागराचा तळ तिथे पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकतो, म्हणून डोंगर उठला आणि म्हणूनच बॅरनचा ज्वालामुखी पेटतो. दीडेकशे वर्षे गप्प राहून १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला. २६ जून १९४१ च्या भूकंपाने रॉसवरच्या साहेबी इमारतींना तडे गेले आणि पुढच्या वर्षी जपानी आले, तेव्हा इंग्रजांची ती राजधानी आधीच मोडकळीला आली होती. २६ डिसेंबर २००४ ला तर सबंध द्वीपसमूहच कलला. निकोबारच्या दक्षिण टोकावरचे इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खचले आणि दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. पोर्ट ब्लेअरचा परिसर मीटरभर खाली बसला आणि शहराजवळच्या सिप्पीघाटची भातशेती भरतीच्या पाण्याखाली गेली, ती कायमची. त्याच वेळी उत्तर अंदमानची, म्हणजे द्वीपसमूहाच्या ब्रह्मदेशकडच्या टोकाची, पश्चिम बाजू मीटरभर वर आली, आणि ओहोटीलाही पाण्यात असणारे प्रवाळ उघड्यावर पडून वाळले.